नायिका पोटासाठी काय करते?

मुलींसाठी निघणाऱ्या जपानी चित्रकथा, म्हणजे शोजो मंगा, हा विषय निघाला की लोक एकच विचारतात: शेवटी तिचं त्याच्याशी जमतं का? मला त्यात फार रस नाही. नवा खंड हातात आला की मी आधी बघते, ही मुलगी पोटासाठी काय करते. तिला पैसे कोण देतं, पुरुषाइतके देतं का, आणि लग्न ठरलं की ते काम सुटतं का. एवढं धरून वाचत गेलं तर जपानी बाईची सत्तर वर्षं या पुस्तकांत दिसतात. प्रेमकथा म्हणून बाजूला सारणाऱ्यांना ती दिसत नाहीत, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नागपूरच्या त्रिमूर्ती नगरात माझी लायब्ररी आहे. आत्यानं सुरू केलेली, आता मी चालवते. आत्याच्या काळात कादंबऱ्या आणि दिवाळी अंकांवर तिचं भागायचं. आता संध्याकाळी क्लास सुटला की मुली येतात आणि मंगा मागतात. सगळे खंड इंग्रजीतले, उजवीकडून डावीकडे वाचायचे. महाग असल्यामुळे मी जमेल तसे एकेक घेते, सीताबर्डीला जुन्या पुस्तकांत मिळाले तर तिथून उचलते, प्लास्टिकचं कव्हर घालते. ठेवायचं म्हणून आधी वाचायला लागले आणि मग माझाच जीव त्यांत गुंतला.

या पुस्तकांचं मूळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मुलींच्या मासिकांत आहे. १८९९ मध्ये जपान सरकारनं प्रत्येक प्रांतात मुलींची उच्च शाळा काढायचा हुकूम काढला. हेतू स्वच्छ होता: चांगली बायको आणि शहाणी आई घडवायची. पण शाळा काढली की वाचणाऱ्या मुली तयार होतात, आणि वाचणाऱ्या मुलींना स्वतःचं काहीतरी वाचायला लागतं. ‘शोजो नो तोमो’ हे मासिक १९०८ मध्ये निघालं. नोबुको योशिया या लेखिकेनं १९१६ पासून मुलींच्या आपसांतल्या जिवलग मैत्रीच्या गोष्टी लिहिल्या आणि मुली त्या पाठ करत. ‘शोजो नो तोमो’त चित्रं काढणाऱ्या जुनइची नाकाहारा यांच्या मुली नाजूक, मोठ्या डोळ्यांच्या, स्वप्नात हरवलेल्या. १९४० मध्ये लष्कराच्या दबावामुळे नाकाहारांना त्या मासिकातून बाहेर पडावं लागलं. युद्धाच्या काळात असली मुलगी सरकारला नको होती. एका कागदी मुलीचे डोळे लष्कराला खुपावेत, ही मला त्या चित्रांची मोठी पावती वाटते.

पण त्या गोष्टींतली मुलगी कमावत नव्हती. शाळा हेच तिचं सगळं जग. शाळा संपली की लग्न, आणि तिथे गोष्टही संपायची.

युद्धानंतर १९५३ मध्ये ओसामु तेझुका यांनी ‘रिबॉन नो किशी’ सुरू केली. राजगादी फक्त मुलग्याला मिळते, म्हणून राजकन्या सॅफायरला राजपुत्र म्हणून वाढवलं जातं. तिच्यात एक मुलाचं आणि एक मुलीचं अशी दोन हृदयं आहेत. तेझुका वाढले ताकाराझुका गावात, जिथे सगळ्या भूमिका बायकाच करतात असं प्रसिद्ध नाटक-नृत्यमंडळ आहे, त्यामुळे पुरुषी पोशाखातली बाई त्यांना नवी नव्हती. सॅफायर तलवार चालवते, राज्य वाचवते आणि शेवटी लग्न करते. मला सॅफायर आवडते, पण तिची तलवार उसनी आहे असं वाटत राहतं. त्या काळी मुलींच्या चित्रकथा बहुतेक पुरुषच काढत आणि संपादकही पुरुषच असत.

खरा फरक पडला तो वाचणाऱ्या मुलींनीच कुंचला उचलला तेव्हा. १९६४ मध्ये माचिको सातोनाका या सोळा वर्षांच्या शाळकरी मुलीनं नवोदितांची स्पर्धा जिंकली आणि ती व्यावसायिक चित्रकथाकार झाली. मासिकं वाचकांकडून चित्रं मागवू लागली, गुण देऊ लागली, काय चुकलं ते सांगू लागली. घरबसल्या चालणारी ती शाळाच झाली. मुलीला घर न सोडता, कुणाची ओळख न लावता मिळू शकेल असं हे पगारी काम होतं. कथेतली मुलगी कमावू लागायच्या आधी कथा काढणारी मुलगी कमावू लागली, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

त्याच वर्षी टोकियो ऑलिंपिकमध्ये जपानच्या बायकांनी व्हॉलीबॉलचं सुवर्णपदक जिंकलं. त्या संघातल्या बहुतेक जणी निचिबो नावाच्या कापड कंपनीच्या, काइझुका गिरणीच्या संघातल्या. दिवसा नोकरी, मग रात्री उशिरापर्यंत सराव. पुढे १९६८ मध्ये ‘अटॅक नंबर वन’ ही व्हॉलीबॉलवरची शोजो चित्रकथा सुरू झाली आणि घाम गाळणारी, पडणारी, गुडघे फोडून घेणारी नायिका लाखो मुलींच्या घरी पोचली.

कापड गिरणी म्हटलं की नागपूरकराला एम्प्रेस मिलच आठवणार. आमच्या जुन्या वाड्यातली एक आजी तिथे वाइंडिंग खात्यात होती. तिच्या बोटांना शेवटपर्यंत सुताचे वळ होते आणि पगाराचा दिवस तिला तारखेसकट आठवायचा. याच नागपुरात जुलै १९४२ मध्ये सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली. डॉ. आंबेडकर तिथे बोलले. बायकांनी तिथे ठराव केले ते घटस्फोटाच्या हक्काचे, बहुपत्नीत्वाला बंदी घालण्याचे आणि गिरणीतल्या बायांच्या रजेचे. जपानी सरकार कागदी मुलीचे डोळे बारीक करू पाहत होतं त्याच सुमारास आपल्या गावच्या बाया रजा मागत होत्या. आमच्याकडच्या मुलींना हे माहीत नसतं. मी ‘अटॅक नंबर वन’ची गोष्ट सांगताना याचीही सांगते. एकीला दुसरी लागतेच.

आता रियोको इकेदा यांच्याकडे येते, कारण माझं सगळ्यात जास्त प्रेम तिथे आहे. ‘व्हर्सायचा गुलाब’ ही फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातली चित्रकथा ‘मार्गारेट’ साप्ताहिकात १९७२-७३ मध्ये आली. जनरल जार्जे यांना सगळ्या मुलीच, म्हणून धाकटीला ते मुलगा म्हणून वाढवतात. नाव ऑस्कर. ती राजवाड्याच्या रक्षक दलाची अधिकारी होते. इथवर सॅफायरचीच बहीण वाटते. पण ऑस्कर नोकरी करते! तिचे वरिष्ठ आहेत, हाताखालचे लोक आहेत, हुकूम आहेत. पुढे ती राणीजवळची मानाची जागा सोडून साध्या सैनिकांच्या तुकडीत बदली मागून घेते. तिथले सैनिक तिचं ऐकत नाहीत, कारण ती बाई आहे आणि उमराव घरची आहे. त्यांच्या घरी खायला नाही, म्हणून त्यांनी आपली हत्यारं विकली आहेत, हे तिला कळतं. तिला पहिल्यांदा कळतं की आपला पगार कुठून येतो. शेवटी ती तुकडीसह लोकांच्या बाजूनं उभी राहते आणि १४ जुलै १७८९ ला बास्तिय तुरुंगापाशी मरते.

मधे एक प्रसंग आहे. वडील घाबरतात आणि तिचं लग्न लावून द्यायला निघतात. इतकी वर्षं मुलगा म्हणून वाढवलं, आता एकदम बायको हो. ऑस्कर लग्नाला नाही म्हणते, पण वडिलांचे आभार मानते. तुम्ही मला असं वाढवलंत म्हणून बाई असूनही मला एवढं मोठं जग बघता आलं, अशा अर्थाचं ती बोलते. ते पान मी पुन्हा पुन्हा उघडलं आहे. रागावलेली मुलगी काढणं सोपं होतं. इकेदांनी कृतज्ञ आणि तरीही न ऐकणारी मुलगी काढली. आपल्याकडे शिकवलेल्या, नोकरीला लावलेल्या आणि मग अठ्ठाविसाव्या वर्षी एकदम ‘आता पुरे’ ऐकलेल्या कितीतरी मुलींचं ते पान आहे.

इकेदा तेव्हा पंचविशीत होत्या. बायकापोरींना इतिहास काय कळणार, असं संपादकांचं म्हणणं होतं, हे त्यांनी पुढे मुलाखतींत सांगितलं आहे. तेवढ्याच लोकप्रिय पुरुष चित्रकाराच्या निम्मं मानधन मिळायचं, हेही सांगितलं आहे. कारण काय, तर पुरुषाला घर चालवायचं असतं आणि तुम्हाला उद्या नवरा पोसेल. ऑस्करची बदली, तिच्या तुकडीचा पगार, तिचं न वाकणं हे सगळं निम्म्या मानधनावर काढलं गेलं आहे, हे एकदा कळलं की ते पुस्तक वेगळंच वाचलं जातं.

त्याच पिढीतल्या मोतो हागियो, केइको ताकेमिया, युमिको ओशिमा या बायकांनी चित्रकथेची भाषाच बदलली. चौकटी मोडल्या, मनातलं बोलणं फुग्याबाहेर काढून पानभर पसरलं. हागियो यांच्या आईवडिलांना मुलीचं हे काम अजिबात पसंत नव्हतं. १९९२ मध्ये त्यांनी ‘इग्वाना मुलगी’ लिहिली. आईला आपली थोरली मुलगी घोरपडीसारखी दिसते. बाकी सगळ्यांना ती देखणी, हुशार मुलगी दिसते, पण आईच्या नजरेमुळे मुलीलाही आरशात इग्वानाच दिसते. ती शिकते, लग्न करते, दूर जाते, तरी आरसा बदलत नाही. आई मेल्यावर ती तिचा चेहरा बघते आणि तिथे तिला स्वतःचाच इग्वानाचा चेहरा दिसतो. जेमतेम पन्नास पानांची गोष्ट आहे. हा खंड मी मुलींपेक्षा त्यांच्या आयांना जास्त देते. एका आईनं दुसऱ्याच दिवशी परत आणून दिला आणि काही न बोलता पुढची पुस्तकं बघत उभी राहिली. दुसरीनं महिनाभर ठेवला. मी दंड लावला नाही.

मधल्या काळातल्या, म्हणजे सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या ‘रिबॉन’ मासिकातल्या कथांवरून मी लवकर पुढे जाते. चष्मा लावणारी लाजाळू मुलगी, चौकटीचे पडदे, चहाचा कप, आणि ‘तू आहेस तशीच मला आवडतेस’ म्हणणारा मुलगा. वाचायला गोड आहेत. पण त्या मुली काही करतच नाहीत, आणि त्या मुलाचं वाक्य काढून घेतलं तर त्यांच्याकडे उरतं काय, हे मला कळत नाही. माझ्या लायब्ररीतल्या दोघी यावर माझ्याशी भांडल्या आहेत. दिवसभर मार्कांनी तोललं गेल्यावर ‘आहेस तशीच’ हे ऐकायला बरं वाटतं, असं त्यांचं म्हणणं. ते मी मान्य करते.

१९८५ मध्ये जपाननं नोकरीत समान संधीचा कायदा केला आणि पुढच्या वर्षी लागू केला. पण भरती आणि बढतीच्या बाबतीत कंपन्यांनी फक्त ‘प्रयत्न करावा’ एवढंच त्यात होतं, सक्त बंदी यायला १९९७ ची दुरुस्ती लागली. बायका कार्यालयांत आल्या आणि बऱ्याच जणी चहा देत, फोटोकॉपी काढत राहिल्या. तोवर जुन्या वाचक मुली तिशीत गेल्या होत्या, आणि त्यांच्यासाठी वेगळी मासिकं निघाली. ही मला शोजोची मोठी गोष्ट वाटते: वाचक वाढली तशी नायिकाही वाढू दिली. लहान मुलींच्या ‘सेलर मून’मध्येसुद्धा, जी १९९१ च्या शेवटी सुरू झाली, नायिकेची मैत्रीण आमी हिला डॉक्टर व्हायचं आहे कारण तिची आई डॉक्टर आहे. जग वाचवायच्या मधल्या वेळात ती अभ्यास करत असते.

आणि आता त्सुनामी उमिनो यांची नायिका मिकुरी. तिची चित्रकथा २०१२ पासून ‘किस’ मासिकात आली, त्यावरची टीव्ही मालिका २०१६ मध्ये फार गाजली. मिकुरी उच्चशिक्षित आहे, मानसशास्त्र शिकलेली. कंत्राटी नोकरी होती, तीही जाते. वडिलांच्या ओळखीतल्या एका अविवाहित इंजिनियरकडे ती घरकामाला लागते. पगार ठरतो. आईवडील गाव बदलतात तेव्हा नोकरी टिकवायला ती त्याला सुचवते, आपण लग्न झालेलं दाखवू, मी घर सांभाळते, तुम्ही पगार द्या. तास ठरतात, दर ठरतो, जादा कामाचे पैसे ठरतात.

ही गोष्ट मी सांगितली ती आमच्या मेसवाल्या काकूंना. हिंगणा रोडच्या कॉलेजांतल्या मुलांना त्या डबे देतात. त्यांची मुलगी माझ्याकडे येते, म्हणून पहिल्यांदा त्या तक्रार घेऊनच आल्या होत्या. “ताई, पोट्टी काय कार्टून नेऊन राहिली तुमच्या इथून? बारावीचं वर्ष आहे तिचं.” पुढे ओळख झाली. दुपारचे डबे गेले की त्या कधीकधी बसायला येतात.

एकदा डब्याचा दर वाढवायचा होता, म्हणून वही घेऊन आल्या. मी मोबाइलवर बेरीज करत होते. गॅस, तेल, तूरडाळ, भाजी, तांदूळ, पोळ्या लाटायला येणाऱ्या बाईचा पगार, डबे पोचवणाऱ्या मुलाचं पेट्रोल. बेरीज झाली, भागाकार झाला, एका डब्याला खर्च निघाला. मी विचारलं, “काकू, तुमचं कुठे आहे यात?”

“माझं काय?”

“तुमचा पगार.”

“मी तं घरचीच आहो ना.”

पहाटे पाचला उठून दोन वेळचं रांधणारी बाई त्या वहीत नव्हती. पोळ्या लाटणारीचा पगार होता. तेव्हा मी त्यांना मिकुरीचं सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं, मधे एकदा किती तास ते विचारलं, सुट्टी असते का विचारलं. मग म्हणाल्या, “अन् मंग त्यायचं खरंखुरं लग्न झालं का पगार बंद?”

मी गप्पच झाले. कारण ती चित्रकथा नेमकी याच प्रश्नावर येऊन उभी राहते. दोघं खरंच प्रेमात पडतात. तो हिशोब मांडून दाखवतो, रीतसर लग्न केलं तर तिचा पगार वाचेल, पैसे शिल्लक पडतील. त्याला ही आनंदाची बातमी वाटते. आणि ती म्हणते, प्रेम आहे म्हणून तेच काम फुकट, हे तर प्रेमाच्या नावाखाली पिळवणूक झाली. पुढे ती दोघं घर एखाद्या धंद्यासारखं दोघांनी मिळून चालवायचं ठरवतात, बैठका घेतात, कोणतं काम कुणाचं यावर भांडतात. तीही नोकरी करू लागते आणि घर अस्ताव्यस्त होतं. नंतरच्या खंडांत बाळंतपण येतं, बापाच्या रजेवरून त्याच्या कार्यालयात कुजबुज होते. सगळं सुटलं असं उमिनो कुठेच म्हणत नाहीत. त्याच चित्रकथेत मिकुरीची पन्नाशीची अविवाहित मावशी युरी आहे. एक तरुण मुलगी तिला वयावरून हिणवते, आणि युरी शांतपणे सांगते की ज्या वयाला तू तुच्छ लेखतेस त्याच वयाकडे तू चालली आहेस, स्वतःलाच शाप देऊ नकोस. माझ्या वयाच्या बाईला हे बोलायला एक पात्र मिळालं याचा मला किती आनंद झाला हे सांगता येत नाही.

काकूंना मी शेवटी फुमी योशिनागा यांच्या ‘ओओकू’चं सांगितलं, कारण त्यांचा पुढचा प्रश्न होता की बायकांच्याच हाती सगळं असतं तर काय झालं असतं. २००४ ते २०२० ही चित्रकथा चालली. जुन्या जपानात एक साथ येते, तरुण पुरुष मरतात, पुरुषांची संख्या बायकांच्या चौथाईवर येते. शेती, व्यापार, राज्यकारभार सगळं बाया करतात, शोगुनसुद्धा, म्हणजे राज्य चालवणारा सेनापतीसुद्धा, बाईच. पुरुषांना बीज म्हणून जपलं जातं आणि गरीब घरात विकलंही जातं. बायका चांगल्या म्हणून राज्य चांगलं चालतं, असं योशिनागा म्हणत नाहीत. सत्ता ज्याच्या हाती, तो दुसऱ्याचं शरीर वापरतो, हेच त्या खंडामागून खंड दाखवतात. पहिल्या खंडात योशिमुने नावाची शोगुन, काटकसरी आणि कामाची बाई, कागद बघताना अडते. सगळा कारभार बाया करतात, मग दप्तरात सगळ्यांची नावं पुरुषांची का? आणि ती जुन्या नोंदी मागवते.

काकू म्हणाल्या, “आमच्या मेसचं लायसन यांच्या नावानं आहे.”

काका वीज मंडळातून निवृत्त झाले आहेत, मेसमध्ये त्यांचं काम म्हणजे संध्याकाळी मुलांशी गप्पा. परवाना काढताना आधार कार्ड त्यांचंच हाताशी होतं, एवढंच कारण. डब्याचा दर वाढला आहे, पण वहीत काकूंची ओळ अजून आलेली नाही, मी दर वेळी विचारते. परवान्याची मुदत मार्चमध्ये संपते. नवा फॉर्म काकूंच्या नावानं भरायला त्या आणि त्यांची मुलगी माझ्याकडे येणार आहेत. काकांना अजून सांगितलेलं नाही.